अमेरिकेचे दार १९६५ मध्ये का उघडले होते?

एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क आकारण्याची घोषणा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये केली आणि भारतातील असंख्य कुटुंबांत अस्वस्थता पसरली. या व्हिसाच्या एकूण मंजुरींपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मंजुरी भारतीयांच्या वाट्याला येत असल्याने ही अस्वस्थता स्वाभाविकच होती. त्याआधी, २० जानेवारी २०२५ रोजी, पदग्रहणाच्याच दिवशी त्यांनी जन्मसिद्ध नागरिकत्वाला मर्यादा घालणारा आदेश काढला होता. आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील अमेरिकेचे नागरिक वा कायम रहिवासी नसतील, तर अपत्याला नागरिकत्व नाकारावे, असा त्याचा एक भाग होता. हा आदेश लगेचच न्यायालयीन वादात सापडला.

या घडामोडींची चर्चा आपल्याकडे बहुधा एका व्यक्तीच्या स्वभावाभोवती वा एका निवडणुकीच्या निकालाभोवती फिरते. मात्र हे दार बंद होईल काय, हे समजून घेण्यापूर्वी ते मुळात का उघडले होते, हे पाहणे आवश्यक आहे. त्याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत सापडते.

वंशाधारित कायद्याची अडचण

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेने भारतीयांसाठी आपले दार जवळजवळ पूर्णपणे बंद केले होते. १९१७ च्या कायद्याने आशियातील बहुतांश प्रदेशांतून होणाऱ्या स्थलांतराला मज्जाव केला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात सेवा केलेल्या भगतसिंग थिंद यांना १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्वासाठी अपात्र ठरवले. भारतीय ‘श्वेत’ या व्याख्येत बसत नाहीत, हे त्याचे कारण होते. १९२४ च्या कायद्याने राष्ट्रीय मूळ हा निकष पक्का केला. त्यानुसार ठरलेल्या वाट्यातील सुमारे सत्तर टक्के जागा ब्रिटन, आयर्लंड आणि जर्मनी या तीन देशांकडे जात.

महायुद्धाने ही रचना अडचणीत आणली. जपानविरुद्ध चीन मित्रराष्ट्र असताना चिनी नागरिकांवर बंदी ठेवणे जपानी प्रचाराला आयते खाद्य पुरवणारे होते. म्हणून १९४३ मध्ये ती बंदी उठली. भारत स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असताना, १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. मात्र वार्षिक वाटा होता केवळ १०० जणांचा. १९५२ च्या कायद्याने वंशाधारित वाटे कायम ठेवले. हा कायदा मित्रराष्ट्रांचा अवमान करणारा आहे, अशी भूमिका घेऊन राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी नकाराधिकार वापरला, पण काँग्रेसने तो दोन तृतीयांश बहुमताने मोडीत काढला.

शीतयुद्धातील प्रतिमेचा प्रश्न

त्या काळात आशिया आणि आफ्रिकेत एकामागून एक राष्ट्रे स्वतंत्र होत होती. ती वॉशिंग्टनकडे झुकणार की मॉस्कोकडे, ही चिंता अमेरिकी मुत्सद्द्यांना सतावत होती. अशा वेळी अमेरिकेतील वर्णभेद हा सोव्हिएत प्रचाराचा सर्वांत प्रभावी विषय ठरला. शाळांतील वर्णविभाजनाच्या खटल्यात न्याय विभागाने १९५२ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयापुढे केलेल्या निवेदनात परराष्ट्रमंत्री डीन ॲचेसन यांचे मत मांडण्यात आले होते. वर्णभेदामुळे परराष्ट्र धोरणाची हानी होते, असे त्यांनी नमूद केले होते. १९५४ मध्ये न्यायालयाने ते विभाजन घटनाबाह्य ठरवले.

हा प्रश्न भारतापर्यंत प्रत्यक्षपणे पोहोचला तो ऑगस्ट १९५५ मध्ये. भारताचे अमेरिकेतील राजदूत गगनविहारी मेहता यांना ह्यूस्टन विमानतळावरील उपाहारगृहात सर्वसाधारण भोजनकक्षाऐवजी वेगळ्या खोलीत बसवण्यात आले. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. १९६१ मध्ये मेरीलँडमधील महामार्ग क्रमांक ४० वर आफ्रिकी मुत्सद्द्यांना उपाहारगृहांत सेवा नाकारल्याच्या घटना इतक्या वाढल्या की, केनेडी प्रशासनाला त्यात लक्ष घालावे लागले. १९६३ मध्ये बर्मिंगहॅममधील निदर्शकांवर सोडलेल्या पोलिसी कुत्र्यांची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी परराष्ट्रमंत्री डीन रस्क यांनी सिनेटच्या समितीपुढे नागरी हक्क विधेयकाचे समर्थन केले, ते परराष्ट्र धोरणाच्या भूमिकेतूनही.

याचा अर्थ असा नव्हे की, हे परिवर्तन केवळ मुत्सद्देगिरीने घडवले. माँटगोमेरीचा बसबहिष्कार, बर्मिंगहॅमचा सत्याग्रह, सेल्माची पदयात्रा आणि त्यांतील त्याग यांच्याशिवाय १९६४ चा नागरी हक्क कायदा वा १९६५ चा मतदान हक्क कायदा संभवला नसता. १९५९ मध्ये भारताचा दौरा करून गांधीविचाराचा अभ्यास केलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाने त्या लढ्याला नैतिक बळ दिले. शीतयुद्धाने एवढेच केले की, त्या आवाजाकडे दुर्लक्ष करण्याची किंमत सत्ताधाऱ्यांसाठी वाढवली.

अनपेक्षित परिणामांचा कायदा

या पार्श्वभूमीवर सिनेटर फिलिप हार्ट आणि प्रतिनिधी इमॅन्युएल सेलर यांचे स्थलांतर विधेयक सिनेटने ७६ विरुद्ध १८ मतांनी संमत केले. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी त्यावर स्वाक्षरी केली. राष्ट्रीय मूळ हा निकष रद्द झाला. पूर्व गोलार्धातील प्रत्येक देशासाठी वार्षिक २०,००० अशी समान कमाल मर्यादा आली.

हा कायदा क्रांतिकारक नाही, असे खुद्द जॉन्सन यांनीच त्या प्रसंगी सांगितले होते आणि त्यात त्यांचा विश्वास प्रामाणिक होता. आशियातून पहिल्या वर्षी सुमारे ५,००० लोक येतील आणि नंतर तो ओघ जवळजवळ आटेल, असा अंदाज ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी १९६४ मध्ये काँग्रेसपुढे मांडला होता. कुशलतेपेक्षा कुटुंब पुनर्मीलनाला अधिक जागा देण्यामागेही एक हिशेब होता. जे आधीपासून तेथे आहेत त्यांचेच नातलग येतील आणि देशाची युरोपीय घडण कायम राहील, असे काही सदस्यांना वाटत होते.

घडले उलटे. युद्धोत्तर समृद्धीमुळे पश्चिम युरोपातून येणाऱ्यांची ओढ कमी झाली होती. त्याच १९६५ साली संमत झालेल्या मेडिकेअर योजनेमुळे डॉक्टरांची गरज वाढली, तर अवकाश आणि संरक्षण क्षेत्रातील स्पर्धेमुळे अभियंत्यांना मागणी आली. मुंबई, पुणे, मद्रास, अहमदाबाद येथील पदवीधर या गरजेत बसणारे होते. कुशलतेच्या जागांवर ते गेले आणि मग कुटुंब पुनर्मीलनाच्या त्याच तरतुदीखाली त्यांचे आप्त गेले. १९६० मध्ये अमेरिकेत भारतात जन्मलेल्यांची संख्या सुमारे १२,००० होती. आज भारतीय वंशाचे सुमारे ५० लाख लोक तेथे आहेत. त्याच ओघातून उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळे उभी राहिली आणि बेळगावात वाढलेले मराठीभाषक श्री ठाणेदार मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात पोहोचले.

याच कायद्याची दुसरी बाजूही आहे. त्याने पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर प्रथमच संख्येची मर्यादा घातली. मेक्सिकोच्या शेतमजुरांना तात्पुरता प्रवेश देणारी ब्रासेरो योजना १९६४ च्या अखेरीस संपुष्टात आली होती. मजुरीची गरज कायम राहिली, पण कायदेशीर मार्ग अरुंद झाला. अमेरिकी राजकारणाला आज व्यापून राहिलेल्या अनधिकृत स्थलांतराच्या प्रश्नाची मुळे येथे आहेत.

आता दबाव कोणाचा?

१९७० मध्ये अमेरिकेच्या लोकसंख्येत परदेशात जन्मलेल्यांचा वाटा पाच टक्क्यांहून कमी होता. तो आता सुमारे पंधरा टक्क्यांपर्यंत, म्हणजे १८९० च्या पातळीवर पोहोचला आहे. त्या लाटेची परिणती १९२४ च्या बंदिस्त कायद्यात झाली होती, हे विसरता येणार नाही. शिवाय १९६५ मध्ये असलेली एक गोष्ट आज नाही. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर जगाचे मन जिंकण्याची निकड ओसरली. चीनशी चाललेली आजची स्पर्धा तंत्रज्ञान, व्यापार आणि लष्करी सामर्थ्याची आहे. अमेरिकी समाज अधिक न्याय्य आहे, हे सिद्ध करण्याचा आग्रह तीत फारसा दिसत नाही.

तरीही १९२४ ची पुनरावृत्ती अटळ मानण्याचे कारण नाही. त्या वेळी भारतीय स्थलांतरितांना मतदानाचा हक्कच नव्हता. आज ते मतदार आहेत, करदाते आहेत, रुग्णालये आणि विद्यापीठे त्यांच्यावर विसंबून आहेत. चीनशी असलेली तंत्रज्ञानाची स्पर्धाही कुशल मनुष्यबळाविना जिंकता येणारी नाही. मात्र नोकरीवर आधारित कायम निवासाच्या जागांपैकी कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक जागा न देण्याचा नियम कायम असेपर्यंत भारतीयांची प्रतीक्षा लांबत राहणार. १९६५ मध्ये समानतेसाठी स्वीकारलेले प्रतिदेश मर्यादेचे तत्त्वच आज सर्वाधिक अर्जदार असलेल्या देशाला जाचक ठरत आहे.

भारतासाठी यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. अमेरिकेने दार उघडले ते आपल्या नागरिकांच्या लढ्यामुळे, आपल्या प्रतिष्ठेसाठी आणि आपल्या गरजेपोटी. ते कमी-अधिक करण्याचा निर्णयही तेथील याच तीन गोष्टींवर ठरेल. दिल्लीतील शिष्टाईने काही सवलती मिळू शकतील, परंतु कोट्यवधी तरुणांच्या भवितव्याची योजना दुसऱ्या देशाच्या अंतर्गत राजकारणावर उभी करता येत नाही. संशोधन, वैद्यकीय शिक्षण आणि उद्योग यांत देशातच संधी निर्माण झाल्या, तरच परदेशी जाणे ही आपल्या तरुणांची निवड राहील, अगतिकता नव्हे.