खांबाच्या पोटात काय घातलंय ते दाखवा!

जोगेश्वरीत सध्या एकच भाषा चालू आहे. मेघवाडीत जा, मजासला जा, प्रतापनगरात जा, लाइनीपलीकडं बेहरामबागेत जा. किती फुटांचं देतोय? भाडं किती? चेक वटतो का? बिल्डरचा माणूस येतो. त्याच्या मागं आपलाच एखादा पुढारी येतो, गळ्यातलं उपरणं निळं, भगवं की तिरंगी ते त्या आठवड्यावर अवलंबून, आणि सह्या गोळा करतो. १९९५ साली २२५ फुटांपासून सुरू झालं, पुढं २६९ झालं, मग ३०० झालं. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण दोस्तहो, हा तीनशे फुटांचा डबा ज्या खांबांवर दोनशे फूट वर लटकवणार आहेत, त्या खांबांच्या पोटात काय घालणार, हे किती सभांत विचारलं गेलं? पूर्वी शंभरातल्या सत्तरांची संमती लागायची. ती ५१ वर आणली. या एक्कावन्नांपैकी एकालाही खांबाचा नकाशा कुणी दाखवत नाही. संमती फुटांना. खांब बिल्डरच्या मर्जीवर.

कुणी म्हणेल, भूकंपाचं काय घेऊन बसलास? मुंबईत कुठं भूकंप होतो?

किल्लारीतही होत नव्हता. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं झोपली होती. सरकारी नकाशात हा मुलूख सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला. पुण्या-दिल्लीच्या टेबलांवर तो नकाशा सुरक्षित होता. सरकारी आकडा आठ हजारांच्या आत थांबला, लोक दहा हजार म्हणतात. आणि मुंबई? २००२ च्या सुधारित नकाशात मुंबई तिसऱ्या पट्ट्यात आहे, म्हणजे किल्लारीला त्या रात्री दिलेल्या पट्ट्याच्या दोन पायऱ्या वर. ११ डिसेंबर १९६७ ला कोयना हादरली तेव्हा मुंबईच्या भिंतीही हलल्या होत्या. कोयनेची वीज मुंबईनं घेतली. हादरा आपल्या वाट्याला नाही असं कुणी लिहून दिलंय?

किल्लारीत मेलं कोण ते नीट बघा. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद. वाडे वाडेवाल्यांवरच बसले. गावकुसाबाहेर कुडाच्या, पाचटाच्या, पत्र्याच्या खोपटात जो निजला होता, त्यातले पुष्कळ जण अंगावरचं छप्पर झटकून उठले. पिढ्यान्‌पिढ्या ज्या दरिद्री खोपटात आम्हाला ढकललं, त्या खोपटानं त्या पहाटे जीव राखला. मग पुनर्वसन आलं, जागतिक बँकेचा पैसा आला. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, सात हेक्टरांच्या वरच्याला ७५०. धरणीनं सपाट केलेलं गाव सरकारनं सातबारा बघून पुन्हा चढउताराचं केलं!

हे जोगेश्वरीत कशाला सांगतोय? आज आमच्या डोक्यावर पत्रा आहे. पत्रा पडला तर टाके पडतील. उद्या डोक्यावर बावीस मजल्यांचे स्लॅब असतील. झोपडीत राहा असं कोण म्हणतोय? झोपडीचे गोडवे गाणारे पांढरपेशे झोपडीत राहत नाहीत. गटाराशेजारी जन्म काढलेल्या बाईला लिफ्ट हवी, नळ हवा, दाराला कडी असलेला संडास हवा. तो हक्कच आहे. आमच्याच जमिनीवर बिल्डरचा विक्रीचा टॉवर उभा राहतो, त्याच्या नफ्यातून आमची इमारत निघते, कुणाच्या मेहरबानीतून नाही. पण पत्रा माफ करतो, काँक्रीट माफ करत नाही.

अहमदाबादला विचारा. २६ जानेवारी २००१. भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये, दोनशे किलोमीटरच्याही पलीकडं. तरी अहमदाबादेत बहुमजली इमारती बसल्या, शेकडो माणसं गेली. त्यात बरीच फ्लॅटवाली मध्यमवर्गीय मंडळी होती, हेही सांगितलं पाहिजे. वर प्रत्येक मजल्यावर विटांच्या भिंती, म्हणून वरचा भाग ताठ. खाली गाड्या लावायला नुसते उघडे खांब. जमीन आडवी हलली की सगळा मार त्या उघड्या खांबांवर येतो. ते मोडले की वरची इमारत जशीच्या तशी खाली बसते. आणि तिकडं कच्छात मदतीच्या छावण्या पडल्या त्या जातवार पडल्या. ढिगाऱ्याखालून निघालेला माणूसही आधी जात सांगूनच तंबूत शिरला.

जमिनीचंही असंच आहे. जोगेश्वरीच्या पूर्वेला कातळ. लेणी त्याच कातळात छिन्नीनं खोदली, दीड हजार वर्षं झाली. कोरणाऱ्यांची नावं कुठं नाहीत, अर्थातच. पश्चिमेला ओशिवऱ्याकडं खाडीचा चिखल आणि वर भराव. मऊ जमीन हादरा वाढवते. १९८५ साली मेक्सिको शहर शेकडो किलोमीटरवरच्या भूकंपानं पडलं ते जुन्या तळ्याच्या गाळावर बसलं होतं म्हणून.

आता खांबाच्या पोटात चला. उभ्या सळ्या असतात आणि त्यांना आवळणाऱ्या रिंगा असतात. पिंपाला लोखंडी पट्ट्या असतात तशा. रिंगेचं टोक नुसतं काटकोनात वाकवलं तर हादऱ्यात वरचं सिमेंट सुटतं, टोक उघडतं, सळ्या बाहेर फुगतात, आतलं काँक्रीट भुसा होऊन सांडतं. तेच टोक १३५ अंशांत वळवून आत घातलं तर ते काँक्रीटमध्ये रुतून बसतं. खांब वाकेल, तडकेल, पण माणसं जिने उतरून जातील इतका वेळ उभा राहील. खांबाच्या दोन्ही टोकांना, तुळईजवळ, रिंगा जास्तीत जास्त चार-चार इंचांवर. भारतीय मानक १३९२० मध्ये हे छापलेलं आहे, तेही १९९३ साली, किल्लारीच्याच वर्षी. पाच मजल्यांवरच्या इमारतींना मुंबईत ते तेव्हापासून लागू. भूकंपाचा जोर मोजायचं मानक १८९३, ते तर १९६२ चं. म्हणजे ज्ञान नव्हतं अशी बोंब मारायची सोय नाही. ज्ञान कपाटात आहे. किल्ली कुणाकडं?

आणि ती रिंग वाकवतो कोण? सकाळी नाक्यावर उभा राहणारा. वडार, मातंग, बंजारा, बौद्ध, बिहारचा, बंगालचा, दुष्काळानं हाकललेला. बऱ्याच साइटवर लोखंड टनावर बांधून घेतात. जाड सळी टाकली की वजन भरतं. बारीक रिंगा वाकवायच्या, चार इंचांवर एकेक बांधायची, टोक १३५ अंशांत वळवायचं, यात दिवस जातो आणि वजन काही भरत नाही. रेटच असा ठरवायचा की नीट बांधणारा उपाशी राहील, आणि इमारत पडली की म्हणायचं लेबर अडाणी! हरामखोरी कुणाची? त्याच लेबरला अर्धवट इमारतीत पोरांसकट झोपवतात. शिळफाट्याची लकी कंपाउंड, ४ एप्रिल २०१३. खाली माणसं राहतायत, वर मजले चढतायत. ७४ मेले. महापालिकेचा उपायुक्तही आत गेला तेव्हा कळलं की मजले नुसत्या सिमेंटवर चढत नाहीत.

तिथं भूकंप नव्हता. २०१७ ला घाटकोपरची साईदर्शन पडली, १७ गेले, खालच्या मजल्यावर तोडफोड चालली होती, भूकंप नव्हता. २०२० ला महाडात तारिक गार्डन पडली, १६ गेले. जेमतेम दशकभर जुनी पाच मजली इमारत. ज्या महाडात १९२७ साली पाण्याला हात लावायला सत्याग्रह करावा लागला, तिथं जमीन न हलताच माणसं स्लॅबखाली गेली. जमीन हलेल तेव्हा काय उरेल?

साहेब सांगतील, प्रत्येक इमारतीला स्ट्रक्चरल इंजिनियरचा दाखला असतो. असतो ना! त्या इंजिनियरला नेमतो बिल्डर, फी देतो बिल्डर. परीक्षेला बसणाऱ्यानंच परीक्षक पगारावर ठेवायचा. तुर्कस्तानानं २०१८ मध्ये पैसे भरून घेऊन बेकायदा बांधकामं कायदेशीर केली. ६ फेब्रुवारी २०२३ ला तिथं पन्नास हजारांवर माणसं गाडली गेली. दंड भरला म्हणून खांबात लोखंड वाढत नाही. आपल्याकडं नियमित करा, नियमित करा म्हणून मोर्चे काढणाऱ्यांनी, त्यात आपलेही आले, हे ध्यानात घ्यावं.

पुनर्वसनाच्या प्लॉटवर हेक्टरी किमान ६५० घरं कोंबायचा नियम आहे, वर मोकळ्या जागेत सूट. दोन इमारतींच्या मधल्या गल्लीत पळून उभं राहायचं कुठं? ६ ऑक्टोबर २०२३ ला शेजारच्या गोरेगावात पुनर्वसनाच्या इमारतीत खालच्या पार्किंगला आग लागली आणि वरची माणसं धुरात कोंडली. बाहेर पडायची वाट किती अरुंद असते ते त्या पहाटे दिसलं.

तेव्हा पुढच्या सभेत बिल्डरनं चहा-वडा दिला तर खा, पण सही करू नका. आधी मागा: खांबांचा नकाशा मराठीत, सोसायटीच्या हातात. जमीन तपासल्याचा अहवाल. इंजिनियर आमच्या पसंतीचा, पैसे बिल्डरकडून प्राधिकरणात जमा होऊन त्याला मिळणारे. प्रत्येक मजल्याचा माल ओतायच्या आधी रिंगांचे फोटो आणि मालाच्या ठोकळ्यांची २८ दिवसांची चाचणी साइटच्या फळ्यावर. खालचा मजला पार्किंगला उघडा ठेवणार असाल तर शेवटपर्यंत खाली जाणाऱ्या काँक्रीटच्या भिंती कुठं आहेत ते दाखवा. लोखंड बांधणाऱ्याला टनावर नाही, रोजावर मजुरी. विक्रीच्या टॉवरचा आणि आमच्या इमारतीचा नकाशा शेजारी शेजारी ठेवा, बघू द्या फरक.

आपल्या वस्तीत आयटीआय केलेली पोरं आहेत, सेंट्रिंगवर, लोखंडावर जिंदगी घालवलेले बाप आहेत. त्यांची पाच जणांची कमिटी प्रत्येक सोसायटीत आजच नेमा. स्लॅबच्या आदल्या रात्री टेप घेऊन वर चढा आणि मोजा. वॉचमन अडवेल. अडवला की सगळी चाळ घेऊन चढा.