धुराची वर्दी

जुन्या पाठशाळांतून तर्कशास्त्राचा अभ्यास ज्या उदाहरणाने सुरू होत असे, ते उदाहरण धुराचे आहे. दूरच्या डोंगरावर धूर दिसतो. त्यावरून तेथे अग्नी असला पाहिजे, असे पाहणारा ठरवितो. हे त्याने कशाच्या आधारे ठरविले? तर आपल्या स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी यांची जोडी त्याने वारंवार पाहिलेली असते. हा डोंगर आणि हे स्वयंपाकघर नैयायिकांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शिष्यांपुढे ठेवले. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तही ते आहेत. आम्ही कला शाखेचे पदवीधर. विजेचे शास्त्र आम्हांस परकेच. तरीही विज्ञान-प्रदर्शनात नववीतील एका विद्यार्थ्याने पुठ्ठ्याच्या खोक्यात बसविलेले, धुराची वर्दी देणारे उपकरण आम्ही पाहिले, तेव्हा आम्हांस प्रथम आठवला तो हा डोंगर. धूर पाहावा आणि अग्नीचे अनुमान करून ओरडावे, एवढेच काम करणारा तो एक लहानसा नैयायिकच होता.

असले उपकरण प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतःच्या हाताने करावे, आणि केल्यावर आपले घर मात्र त्याच्या भरवशावर सोडू नये, असे आमचे मत आहे. ही दोन विधाने वरवर परस्परविरोधी वाटतील. ती तशी नाहीत, हे दाखविण्यासाठीच हा लेख.

प्रथम धुराविषयी. आमच्या घरच्या कोंकणीत त्याला ‘धुंवर’ म्हणतात, आणि आमच्या लहानपणी तो घरातल्या माणसासारखाच वावरत असे. चुलीत नारळाची सोडणे, करवंट्या, वाळलेल्या झावळ्या जळत. त्यांचा धूर चुलीवर टांगलेल्या वस्तू सुकवीत, वासे काळे करीत, कौलांच्या फटींतून सावकाश बाहेर पडे. त्या धुराचा वास जरा बदलला, तरी आजी ओसरीवरून उठून आत जाई. घरात माणसे पुष्कळ, दारे उघडी आणि छप्पर सच्छिद्र. त्यामुळे धूर कोंडतही नसे आणि कोणाच्या नजरेतून सुटतही नसे.

आज आपली घरे बदलली आहेत. वर सिमेंटची स्लॅब, खिडक्यांना काचा, रात्री दारे बंद. चूल गेली, पण अग्नी गेलेला नाही. तो गॅसच्या सिलिंडरात, भिंतीतल्या तारांत, उशीशेजारी भारित होत असलेल्या मोबाइलमध्ये आणि पलंगाखाली जळणाऱ्या डासांच्या अगरबत्तीत वाटला गेला आहे. जुन्या छपराने जो धूर बाहेर सोडला असता, तो ही स्लॅब आत धरून ठेवते. आणि आगीत माणसे ज्वाळांनी दगावतात, ही आपली समजूत पुष्कळ अंशी चुकीची आहे. ज्वाळा पोहोचण्यापूर्वी धूर पोहोचतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील प्राणवायूची जागा तो बळकावतो. दिल्लीच्या ‘उपहार’ चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी जी 59 माणसे मृत्यू पावली, त्यांतील बहुतेकांचा बळी धुराने घेतला. आग तळमजल्यावर वाहने ठेवण्याच्या जागेतील ट्रान्सफॉर्मरला लागली होती. माणसे गुदमरली ती वर, बाल्कनीत. झोपलेल्या माणसाची स्थिती याहून कठीण. धुराच्या वासाने आपणांस जाग येईल, या भरवशावर राहणे धोक्याचे आहे. कानांवर कर्कश आवाज आदळला, तर मात्र जाग येण्याची पुष्कळ आशा असते. म्हणून कोणीतरी आपल्यासाठी जागे राहून ओरडावे लागते.

आता त्या विद्यार्थ्याच्या खोक्याकडे वळू. त्याची रचना सोपी होती. 9 व्होल्टची एक बॅटरी. तिच्यावर 470 ओहमच्या रोधामार्फत सतत जळणारा एक पांढरा एलईडी दिवा. त्याच्यासमोर एलडीआर, म्हणजे प्रकाश पडला की ज्याचा विद्युत्‌-रोध घटतो आणि अंधार झाला की वाढतो, असा घटक. एलडीआरचे एक टोक बॅटरीच्या ऋण अग्राशी आणि दुसरे ट्रान्झिस्टरच्या बेसशी जोडलेले. त्याच बेसपासून धन अग्रापर्यंत 1 किलो-ओहमचा एक रोध आणि त्याच्या मालिकेत 100 किलो-ओहमचा, पेचकसाने फिरविण्याचा प्रीसेट. ट्रान्झिस्टर बी.सी. 547, आणि त्याच्या कलेक्टरकडे बझर. खोक्यात उजेड असतो, तोवर बेसवरील दाब 0.6 व्होल्टच्या खाली राहतो आणि ट्रान्झिस्टर स्वस्थ असतो. धुराने उजेड अडविला, की एलडीआरचा रोध वाढतो, बेसवरील दाब चढतो, ट्रान्झिस्टर वाहू लागतो आणि बझर ओरडतो. तो 1 किलो-ओहमचा रोध विसरून प्रीसेट शून्यावर फिरविला, तर ट्रान्झिस्टर तत्क्षणी जळतो. असे दोन ट्रान्झिस्टर जाळूनच आपण हे शिकलो, असे त्या मुलाने आम्हांस मोठ्या प्रामाणिकपणे सांगितले.

परीक्षक आले. मुलाने उदबत्तीचा धूर खोक्याच्या भोकांतून आत सोडला. बझर गप्प. आणखी एक उदबत्ती लावली, तरीही गप्प. परीक्षकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ते पुढच्या मेजाकडे वळले. इतक्यात सभागृहातील वीज गेली, आणि ते खोके ठणाणा ओरडू लागले! ‘आग, आग’ म्हणत दोन-चार पालक दाराकडे धावले. सगळे हसले, त्या मुलाच्या डोळ्यांत मात्र पाणी आले.

आमच्या मते त्या दिवशी प्रदर्शनातील सर्वांत मोलाचा धडा त्या मेजावर मिळाला. खोके का बोलले नाही, आणि नको तेव्हा का बोलले? धूर आत यावा म्हणून पाडलेल्या भोकांतून सभागृहाचा उजेडही आत येत होता. त्या उजेडापुढे उदबत्तीच्या धुराची सावली ती केवढी! आणि तो उजेड गेला, तेव्हा यंत्राने ‘अंधार झाला, अर्थी धूर आला’ असे अनुमान केले. तर्कशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात. म्हणजे वरकरणी कारण वाटावे, पण जे कारण नव्हे असे. धुके पाहून डोंगरावर आग आहे असे म्हणणाऱ्या माणसाची जी चूक, तीच या यंत्राची. यंत्राला धूर दिसतच नाही. त्याला फक्त उजेडातील घट कळते. बाकीचे अनुमान रचणाऱ्याचे असते, आणि ते चुकले तर चूकही रचणाऱ्याचीच.

पुढच्या आठवड्यात तो मुलगा आणि आम्ही शाळेच्या व्हरांड्यात त्या खोक्यापुढे पुन्हा बसलो. धूर आत यावा पण उजेड येऊ नये, हे साधावे कसे? वाकडीतिकडी वाट धुराला चालते, प्रकाशाला चालत नाही. मग खोक्याच्या तोंडाशी पुठ्ठ्याच्या आडव्या-उभ्या भिंती चिकटविल्या आणि आतून सर्व काळे रंगविले. कारखान्यात तयार होणाऱ्या प्रकाशीय सूचकातही अशीच काळ्या भिंतींची चक्रव्यूहासारखी कोठडी असते, हे आम्हांस नंतर समजले, तेव्हा त्या मुलाच्या मुद्रेवर जे समाधान दिसले, ते कोणत्याही पदकाहून मोठे होते.

त्या सूचकांत आणखी एक चातुर्य असते. त्यांत दिव्याचा प्रकाश ग्राहकावर सरळ पडतच नाही. दोघे एकमेकांस न दिसतील असे तिरपे बसविलेले असतात. धूर आला, की त्याच्या कणांवरून प्रकाश विखुरतो आणि त्याचा थोडा अंश ग्राहकापर्यंत पोहोचतो. उजेडात किंचित काळोख ओळखण्यापेक्षा काळोखात किंचित उजेड ओळखणे सोपे, हे त्यातील मर्म. जॉन टिंडल (1820–1893) या शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. पण कौलांतून उतरणारा कवडसा ज्यांनी आजीच्या धुरकट स्वयंपाकघरात पाहिला आहे, त्यांनी तो टिंडलचे नाव कानी पडण्याच्या कितीतरी आधी पाहिला आहे. निर्मळ हवेत तो कवडसा बाजूने दिसत नाही. धुराने तो दृश्य होतो.

येथवर करण्याची महती झाली. आता भरवशाविषयी. त्या खोक्यातला एलईडी सुमारे 13 मिलिअँपिअर वीज सतत घेतो. 9 व्होल्टची चांगली अल्कलाइन बॅटरी सुमारे 500 मिलिअँपिअर-तास चालते. भागाकार करून पाहावा: जेमतेम दीड दिवस! तिसऱ्या दिवशी ते खोके भिंतीवर तसेच, तितकेच रुबाबदार दिसत असेल. पण त्यातला पहारेकरी मेलेला असेल आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नसेल. बाजारातील सूचक आपला दिवा काही सेकंदांच्या अंतराने केवळ क्षणभर लुकलुकवितो, म्हणून त्याची बॅटरी दीर्घकाळ पुरते. आणि ती संपत आली, की तो थोड्या थोड्या वेळाने ‘चिक्’ असा आवाज करून आपले मरण आधी कळवितो. गप्प असलेला पहारेकरी जागा आहे की झोपला आहे, हे त्याच्या गप्प बसण्यावरून कळत नाही. सुरक्षिततेचा आभास हा प्रत्यक्ष धोक्याहून वाईट, कारण धोका दिसला तर मनुष्य निदान सावध तरी राहतो.

म्हणून घराच्या रक्षणासाठी प्रमाणित, तपासलेला सूचकच विकत घ्यावा. तो छताला, झोपण्याच्या खोल्यांबाहेर आणि प्रत्येक मजल्यावर लावावा. स्वयंपाकघरात चुलीच्या डोक्यावर लावू नये. महिन्यातून एकदा त्याची कळ दाबून आवाज ऐकावा आणि दहा वर्षांनी तो बदलावा. काही सूचकांत अमेरिशियम-241 या किरणोत्सारी द्रव्याचा सूक्ष्म अंश असतो. तेव्हा जिज्ञासू विद्यार्थ्यांनी जुना सूचक मिळाला तरी तो फोडू नये.

हा उपदेश आम्ही करीत आहोत खरा. पण आमच्या घरचीही हकीकत सांगितली पाहिजे. चवथीच्या दिवसांत आरतीच्या वेळी धुपाच्या धुराने आमच्या घरचा सूचक ओरडू लागला. माटोळीखाली जमलेली मंडळी दचकली. आम्ही स्टुलावर चढून त्याची बॅटरी काढली आणि कपाटात ठेवली. ती परत घातली शिमग्यानंतर. तीही मुलीने विचारले म्हणून. म्हणजे जवळजवळ सहा महिने आमच्या छताला एक रिकामी डबी लटकत होती. यंत्राने आपले काम चोख केले होते. हेत्वाभास आमच्या ठिकाणी होता. जो पहारेकरी एकदा चुकून ओरडला, त्याची जीभ कापून त्याला पुन्हा दारात उभा करणारे आम्ही!

येथेच आमच्या दोन विधानांची गाठ पडते. ज्याने हे उपकरण स्वतः केले, दोन ट्रान्झिस्टर जाळले, भोकांतून येणाऱ्या उजेडाशी झगडा केला, बॅटरीचा भागाकार मांडला, त्यालाच कळते की पहारेकरी कोठे चुकतो आणि कशाने मरतो. तो बॅटरी काढून ठेवणार नाही; काढली, तर परत घालण्यावाचून त्याला चैन पडणार नाही. म्हणूनच अलीकडे प्रदर्शनांतून जी एक चाल पडत आहे, तिची आम्हांस खंत वाटते. तयार उपकरणे दुकानातून आणावयाची, वडिलांनी तारा जोडावयाच्या, आईने तक्ता रंगवावयाचा आणि मुलाने पाठ केलेले चार वाक्यांचे भाषण म्हणावयाचे! अशी उपकरणे पहिल्याच उदबत्तीला ओरडतात आणि पारितोषिकेही मिळवितात. पण त्यांच्यापासून त्या मुलाला काय मिळाले? आम्हांस विचाराल, तर परीक्षकांनी ‘तुझे यंत्र चालते का?’ या प्रश्नाबरोबर ‘ते केव्हा चालत नाही?’ असेही विचारावे, आणि गुण दुसऱ्या उत्तराला अधिक द्यावे.

पालकांस भीती वाटते, मुलाने विजेशी खेळू नये. भीती रास्त आहे. तिच्यावर उपाय मनाई हा नव्हे, मर्यादा हा आहे. 9 व्होल्टच्या बॅटरीपलीकडे जाऊ नये आणि भिंतीतल्या 230 व्होल्टला मुळीच हात लावू नये. जोडणी प्रथम ब्रेडबोर्डवर करून पाहावी. डाग देण्याची पाळी आली, तर खिडकी उघडी ठेवावी आणि शेजारी वडीलधारे माणूस असावे. परीक्षेसाठी उदबत्तीच वापरावी, कागद पेटवू नये, आणि जवळ पाण्याचे भांडे ठेवावे. मग एखादी सुट्टी याहून चांगल्या रीतीने खर्ची पडेल, असे आम्हांस वाटत नाही.

तो विद्यार्थी आता दहावीत आहे. त्याच्या घरी छताला बाजारातून आणलेला सूचक आहे आणि त्याचे स्वतःचे खोके अभ्यासाच्या मेजावर आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी छतावरच्या सूचकाची कळ दाबण्याचे काम घरच्यांनी त्याच्याकडे दिले आहे, आणि एकाही रविवारी ते चुकलेले नाही, असे त्याची आई आम्हांस परवा सांगत होती.