दुखणे तारेचे, बिल पेटीचे



१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरना धुराचा कडक नियम लागला आणि इंजिनावर इलेक्ट्रॉनिक पेट्या आल्या. त्या एकमेकींशी दोन पिळलेल्या तारांवरून बोलतात. बोलणे तुटले की आम्हाला सांगतात, पेटी बदला!

आम्ही म्हणतो, आधी तार मोजा. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरी सोडवून दोन तारांमध्ये मीटर लावा. ६० च्या आसपास आले तर ठीक. मग प्लग, अर्थिंग तपासा. १२० आले तर कुठेतरी तार किंवा रेझिस्टर तुटला. शून्य आले तर तारा एकमेकींना चिकटल्या.

उंदराने कुरतडलेल्या तारेपायी आम्ही कापूस का फुंकायचा? तारांचा नकाशा, बिघाडाचे कोड ट्रॅक्टरसोबतच मिळाले पाहिजेत. ट्रॅक्टर आमचा, कर्ज आमचे. मग कुलूप त्यांचे का?