घरच्या इंटरनेटची वांटणी

अष्टागरांत एकाच विहिरीच्या पाण्यावर तीन-तीन भावांच्या वाड्या शिंपल्या गेल्या, हें आपल्या वाचकांस सांगावयास नको. रहाट एक, पाट एक, आणि पाळी मात्र ठरलेली. ही व्यवस्था ज्यांच्या अंगवळणीं पडली आहे, त्यांच्याच घरांत इंटरनेटच्या बाबतींत जी अव्यवस्था दिसते ती पाहून नवल वाटतें. एका छपराखालीं दोन चुली झाल्या कीं दोन जोडण्या घेतल्या जातात. शिवाय प्रत्येकाच्या मोबाईलचा रिचार्ज निराळा. आणि तरीही सात-बाराचा उतारा काढावयाच्या वेळीं ‘नेट चालत नाहीं’ ही तक्रार असतेच. आमच्या मतें एका घरास, मग त्यांत संगणक चार असोत कीं सहा, एक चांगली जोडणी पुरेशी आहे. उणीव आहे ती वांटणीची.

सामान्य जनतेस इंटरनेट आपल्या देशांत १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमामार्फत मिळूं लागलें. त्या वेळीं टेलिफोनच्या तारेवरून काम चाले आणि तें चालू असेतोंवर घरचा फोन बंद राही. पुढें १९९९ मध्यें निघालेल्या विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तींत एका संगणकानें आपली जोडणी शेजारच्या संगणकांस देण्याची सोय आली. परंतु तो मुख्य संगणक बंद झाला कीं सर्वांचेंच काम थांबे. आज हें काम राऊटर नांवाची लहानशी पेटी करते. तिची युक्ति समजून घेण्यासारखी आहे. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे पत्ते साऱ्या जगास मिळून सुमारें ४२९ कोटी. ते पुरणार नाहींत हें ध्यानीं आल्यावर एगेवांग व फ्रान्सिस या दोघां तज्ज्ञांनीं १९९४ सालीं असें सुचविलें कीं, बाहेर घराचा पत्ता एकच असावा आणि आंत प्रत्येक यंत्रास खाजगी क्रमांक द्यावा. एकत्र कुटुंबांत सर्वांचीं पत्रें घराच्या नांवावर यावीं, आणि कोणीं कोणास लिहिलें होतें हें वहींत पाहून कारभाऱ्यानें ज्याचें त्यास द्यावें, तसेंच हें. म्हणूनच घरांत दुसरी पेटी लावावयाची झाल्यास तिचें पत्ते वांटण्याचें काम बंद करून ती केवळ वाय-फाय पसरविण्यापुरती ठेवावी. एका घरांत दोन कारभारी झाले म्हणजे काय होतें, याचा अनुभव कोणास नाहीं?

आतां वेग. २००४ सालच्या सरकारी धोरणांत सेकंदास २५६ किलोबिट एवढ्या वेगास ब्रॉडबँड म्हटलें होतें. २०२३ मध्यें ती मर्यादा २ मेगाबिटांवर आली. घरोघर येणारी काचतंतूची जोडणी बहुधा याच्या कित्येक पट असते. स्पष्ट चित्रपट पाहण्यास सुमारें ५ मेगाबिट लागतात. म्हणजे ५० मेगाबिटांच्या जोडणीवर आठ जण आठ चित्रपट पाहत बसले (तसे बसूं नयेत ही गोष्ट निराळी!) तरी उतारा काढण्यापुरतें, महाडीबीटीवर ठिबकचा अर्ज भरण्यापुरतें कांहीं उरतेंच. अडतें तें दोन ठिकाणीं. कोणीतरी लग्नाचीं सारीं चलचित्रें मोबाईलवरून एकदम वर चढवूं लागतो आणि मार्ग तुंबतो. तें रात्रीं करावें. कित्येक पेट्यांत एखाद्या संगणकास अग्रक्रम देण्याचीही सोय असते, ती वापरावी.

दुसरें ठिकाण म्हणजे पेटीची जागा, आणि येथें आपल्या किनाऱ्याची गोष्ट शहराहून निराळी आहे. शहरांतल्या पातळ भिंतींसाठीं जें पुरतें तें श्रीवर्धन-मुरुडकडील चिऱ्याच्या जाड भिंतींपुढें हतबल होतें. पेटी ओटीच्या कोपऱ्यांत, कारण तार तेथून आंत आली. आणि मुलगी अभ्यासास बसते ती माजघरापलीकडे, दोन भिंती ओलांडून. पांच गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान खऱ्या, पण भिंतीशीं लवकर हरतात. अडीचच्या जवळपासच्या लहरी अधिक लांब जातात, पण त्यांचा वेग कमी. पावसानें ओथंबलेली नारळी-पोफळीची दाटीही त्यांना आड येते. तेव्हां पेटी घराच्या मध्यावर, उंच लावावी आणि दूरच्या खोलीस तार न्यावी. नेहमींची तांब्याची तार १०० मीटरपर्यंत चालते. घराबाहेर विहिरीवरच्या खोपीपर्यंत मात्र तांबें नेऊं नये, काचतंतु न्यावा. वळवाच्या विजा तांब्यावरून घरांत येतात, आणि खारा वारा त्याच्या टोंकांस गंज चढवितो.

कोणी म्हणेल, एकच जोडणी ठेवली आणि ती तुटली तर सारें घर आंधळें होईल. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलें, पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि अनेक गांवांतून वीज व फोन दिवसच्या दिवस बंद राहिले. त्याच महिन्यांत मुलांच्या शाळा घरांत, पडद्यावर भरूं लागल्या होत्या. आक्षेप खरा आहे, पण त्याचें उत्तर दुसरी तार नव्हे. दोन्ही तारा बहुधा त्याच खांबांवरून, त्याच पोफळींमधून येतात. एक तुटली कीं दुसरीही तुटते. त्यापेक्षां घरांतील एका मोबाईलवर निराळ्या कंपनीचें कार्ड राखीव ठेवावें आणि राऊटरला लहानशी बॅटरी जोडावी. खर्च दुसऱ्या जोडणीहून कमी येतो.

हें झालें यंत्राचें. माणसांची वांटणी याहून कठीण. पेटी कर्त्या पुरुषाच्या खोलींत आणि पासवर्डही त्याच्याच मनांत, असें चालणारें घर पाण्याच्या पाळीला न्याय देतें आणि येथें मात्र विसरतें. बचत गटाचा हिशेब सुनेला पाहावयाचा असतो, परीक्षेचा अर्ज मुलीस भरावयाचा असतो. जोडणीचें बिल समाईक खर्चांत घालावें, चुली दोन असल्यास निम्में-निम्में. आणि पासवर्ड घरांतील प्रत्येक प्रौढास ठाऊक असावा. दोन चुलींच्या भांडणांत एकानें दुसऱ्याचा पासवर्ड बदलणें हें पाट फोडण्यापेक्षां कमी नाहीं.

परंतु कुंपणाबाहेर हात सैल सोडूं नये. जुलै २००८ मध्यें अहमदाबादच्या बाँबस्फोटांपूर्वीं धमकीचा ई-मेल गेला तो नवी मुंबईंतील एका घराच्या उघड्या वाय-फायवरून. अतिरेक्यांशीं कांहीं संबंध नसतांना चौकशीचा ससेमिरा मात्र त्या घरामागें लागला. जोडणी ज्याच्या नांवावर, जाब त्याला. काशीद, नागांव, दिवेआगर येथें ज्यांनीं घरांत पर्यटकांची सोय केली आहे त्यांनीं तर हें विशेष पाहावें. बहुतेक राऊटरांत पाहुण्यांसाठीं निराळें वाय-फाय काढतां येतें. तेथून घरचे संगणक दिसत नाहींत. पेटीबरोबर आलेला मूळचा पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा. आणि शेजाऱ्यास महिन्याच्या पैशांवर तार ओढून देऊं नये. कंपन्यांच्या करारांत बहुधा याला मनाई असते.

शेजाऱ्यासाठीं कायदेशीर वाट आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानें ९ डिसेंबर २०२० रोजीं पीएम-वाणी योजनेस मान्यता दिली. तीप्रमाणें दुकानदारास वा संस्थेस परवान्याची फी न भरतां, नोंदणी झालेल्या संकलक कंपनीमार्फत, सार्वजनिक वाय-फाय देतां येतें. पेण-अलिबागच्या खारपाटांत बांध राखण्यासाठीं गांवकऱ्यांचा जोळ असे. ज्या गांवीं सोसायटीची स्वतःची कचेरी आहे तेथें एक पेटी कचेरीच्या ओट्यावर बसवून, तिचा खर्च वार्षिक सभेंत सभासदांपुढें मांडण्यास अडचण दिसत नाहीं.