मोठी बॅटरी फुल्ल, तरी गाडी ठप्प का?

चार्जिंग ८० टक्के, पण बटण दाबले तरी इलेक्ट्रिक कार मूग गिळून बसते. अशा वेळी दोष बहुधा छोट्या १२ व्होल्ट बॅटरीचा असतो. दरवाजांचे लॉक, स्क्रीन, संगणक तिच्यावर चालतात. मोठी बॅटरी जोडणारे कॉन्टॅक्टरही तिच्याच जोरावर बसतात. ती उतरली, की मोठ्या बॅटरीतील वीज असून नसल्यासारखी.

गाडी चालू असताना डीसी-डीसी कन्व्हर्टर तिला चार्ज करतो. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली आणि डॅशकॅम सुरूच असला, तर ती रिकामी होते. कन्व्हर्टरच बिघडला, तर चालत्या गाडीतही. चार्जिंग कंट्रोल युनिटमधील अशाच संभाव्य दोषामुळे ह्युंदाईने २०२४ मध्ये भारतात १,७४४ आयोनिक ५ गाड्या परत बोलावल्या होत्या.

दार उघडेना, तर रिमोटमधील छुपी किल्ली वापरावी. मल्टिमीटरवर लेड-अॅसिड बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. जंप स्टार्ट गाडीच्या पुस्तिकेत दिले आहे तसेच करावे. नारिंगी केबलला मात्र हात लावू नये.

मोठ्या बॅटरीची टक्केवारी ठळक दाखवणाऱ्या कंपन्यांना या बॅटरीसाठी स्क्रीनचा एक कोपरा जड का व्हावा? अनेक शोरूममध्ये गाडी देताना तिचा उल्लेखही होत नाही. नवी बॅटरी टाकूनही ती पुन्हा उतरली, तर तिसरी विकत घेण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून कन्व्हर्टरची तपासणी लेखी मागावी.