श्वास मोजायचा, अंदाजाने लिहायचा नाही

जनरल वॉर्डातले टीपीआर चार्ट चाळले, की नाडी 76, 92, 104 अशी बदलताना दिसते, ताप चढतो-उतरतो. श्वसनाच्या रकान्यात मात्र 18 आणि 20 हेच आकडे ओळीने उभे असतात. इतक्या रुग्णांचे श्वास एका लयीत चालत नसतात. ते मोजलेलेच नसतात. याला कारकुनी ढिलाई म्हणून सोडून देता येत नाही, कारण प्रकृती ढासळू लागली की श्वसनगती बहुधा लवकर बदलते. रक्तातले आम्ल वाढले, की शरीर श्वास वाढवून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. म्हणून मधुमेही कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये किंवा सेप्सिसच्या सुरुवातीला रक्तदाब ठीक असतानाही श्वास 26–28 वर गेलेला असू शकतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 साली आणलेल्या आणि 2017 मध्ये सुधारलेल्या 'न्यूज' (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) तक्त्यात मिनिटाला 25 किंवा अधिक आणि 8 किंवा कमी, अशा दोन्ही टोकांना धोक्याचे सर्वाधिक 3 गुण आहेत. एवढ्या एका नोंदीवरही रुग्णाची तातडीने तपासणी व्हावी, असे तो तक्ता सांगतो.

बोटाला ऑक्सिमीटर असताना मोजायचे कशाला, असे विचारले जाते. ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन दाखवतो, श्वास किती चालला आहे ते नाही. शस्त्रक्रियेनंतर मॉर्फिन आणि ऑक्सिजन दोन्ही चालू असलेल्या रुग्णाचा श्वास 8 वर आला, कार्बन डायऑक्साइड साचू लागला, तरी पडद्यावर 97 दिसत राहू शकते. हिरवा आकडा पाहून पुढे जाणे तिथे धोक्याचे.

वेळेचा आक्षेप खरा आहे. एका सिस्टरकडे चाळीस खाटा देऊन वर अचूकतेची अपेक्षा करणे अन्यायाचेच. त्याचा जाब प्रशासनाला विचारायला हवा. पण गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने अक्षरओळख नसलेल्या दाईंसाठी मणी आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले साधन बनवले, आणि बाळांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी त्या श्वास मोजू लागल्या. प्रशिक्षित परिचारिकेला ते अवघड नाही. सगळ्यांचे जमत नसेल, तर निदान नव्याने दाखल झालेले, शस्त्रक्रिया होऊन आलेले, ताप असलेले आणि 'बरं वाटत नाही' म्हणणारे रुग्ण निवडा. नाडी झाल्यावर बोटे मनगटावरच ठेवून, रुग्णाला न सांगता, पूर्ण मिनिटभर छाती पाहा. तेही झाले नाही, तर रकाना कोरा ठेवा; पुढच्या ड्यूटीची सिस्टर निदान तो भरायला तरी खाटेपाशी जाईल.