दुःखाला लावलेली चाल

आमच्या निगडी प्राधिकरणातल्या बागेत संध्याकाळी साडेपाचला निवृत्तांची सेकंड शिफ्ट लागते. कार्ड पंच करायचं नसलं तरी हजेरी कडक. एखादा दोन दिवस दिसला नाही, तर तो मुलाकडे अमेरिकेला गेला की कायमचाच गेला, याची रीतसर चौकशी होते. या शिफ्टचे सुपरवायझर म्हणजे आमचे सर. सरांनी तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं आणि मी तेवढीच वर्षं टूलरूममध्ये लोखंड घासलं. त्यामुळे कवितेवर बोलायचा हक्क त्यांचा आणि ऐकायचं कर्तव्य माझं, अशी वाटणी आपोआपच झालेली आहे.

परवा मात्र मी संप पुकारला.

झालं असं, की बाकावर कोणीतरी मोबाइलवर 'जन पळभर' लावलं. भा. रा. तांब्यांची कविता, वसंत प्रभूंची चाल आणि लताबाईंचा गळा. आम्ही सगळे माना डोलवायला लागलो. सरांची मान तेवढी आडवी हलत होती.

"तांबे 1941 साली गेले, म्हणून सुटले!" सर कडाडले. "विषय काय? मरण! आणि तुम्ही लोक मांडीवर ताल धरताय! अहो, कवितेत दुःख एकदाच येतं आणि घर करून राहतं. गाण्यात ते ध्रुवपदाला लोंबकळत पुन्हा पुन्हा येतं. मग त्याची सवय होते. आणि सवयीचं दुःख हे दुःखच नव्हे!"

सरांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे, हे आधीच सांगून टाकतो. कविता वाचताना घड्याळ आपल्या ताब्यात असतं. एका ओळीवर अर्धा तास थांबा, मागे जा, चष्मा पुसा, उरलेली उद्या वाचा. गाणं थांबत नाही. जुन्या 78 आरपीएमच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. तेवढ्यात काय रडायचं ते रडून घ्या! शिवाय तांब्यांचा हिशोब किती रोखठोक आहे, हे चाल बाजूला ठेवल्याशिवाय कळत नाही, तेही खरं. माणूस गेला तरी सूर्य-चंद्र आपापल्या ड्यूटीवर हजर, पाऊसपाणी वेळापत्रकाप्रमाणे, सगेसोयरे डोळे पुसून कामाला. खुद्द राम आणि कृष्ण गेले तरी जगाचं काही अडलं नाही, मग तुमचीआमची काय कथा? कंपनीचा भोंगा कोणासाठी थांबत नाही, हे मला नोकरीला लागताना इतक्या स्वच्छ शब्दांत कोणीही सांगितलं नव्हतं.

पण सवयीचं दुःख हे दुःख नव्हे? इथं आमचं भांडण आहे.

माझी फर्स्ट शिफ्ट सातची. सव्वासहाला कोपऱ्यावर कंपनीची बस. म्हणजे पाचला आमच्या घरात स्टोव्ह पेटायचा आणि पोळ्या लाटता लाटता बायको नेमकं हेच गाणं म्हणायची. सुरात म्हणायची, असं मी शपथेवर सांगणार नाही.

"अगं, सकाळी सकाळी मरणाचं काय?"

"अहो, चाल छान आहे. लाटण्याला बरी पडते."

दुसरा अंतरा संपतो न संपतो तोच बसचा हॉर्न वाजायचा. गाणं तिथंच थांबायचं, डबा हातात पडायचा आणि "सांभाळून जा" व्हायचं. हा आमच्या घरचा तिसरा अंतरा. असं सव्वीस वर्षं चाललं. पुढचं गाणं मी तिच्या तोंडून कधी ऐकलंच नाही.

ती गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. दिवसपाणी झाल्यावर सरांनीच मला तांब्यांचं पुस्तक आणून दिलं, अगदी चांगल्या मनानं. मी ती कविता सबंध वाचली. एकदाच. ती इतकी खरी होती, की पुस्तक पुन्हा उघडायची हिंमत झाली नाही. सगेसोयरे खरोखरच डोळे पुसून कामाला लागले होते. कविता बरोबर होती आणि माझ्या काही उपयोगाची नव्हती.

गाणं मात्र मी रोज म्हणतो. पहाटे, चहा ठेवताना, तिच्याइतकंच बेसूर. दुसरा अंतरा झाला की थांबतो. बस आता येत नाही, तरी थांबतो. जग कोणासाठी थांबत नाही, हे कवितेचं म्हणणं कबूल. पण गाणारा थांबू शकतो आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करू शकतो. सर, ध्रुवपद त्यासाठी असतं! आणि सवयीबद्दल म्हणाल, तर रोज घासून लोखंड झिजतं, हे खरं. पण त्याला धारही घासूनच येते, हे टूलरूमवाल्याला विचारा.

सरांना पुरावा लागतो. तो लांब नाही, देहूत आहे. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली, मुलगा गेला. आज चाकणचे कारखाने ज्याच्या पायथ्याशी येऊन टेकलेत, त्या भामचंद्र डोंगरावर ते एकटे जाऊन बसत. पुढे अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. त्या तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या, असं वारकरी मानतात. कोणी म्हणतं, वह्या नव्हे, लोकांच्या तोंडी बसलेले अभंग वर आले. कसंही धरा. बुडवता आला तो कागद. टाळाबरोबर म्हटलं जात होतं, ते कोणाला बुडवता आलं नाही. अभंग ही कविता की गाणं, हे सरांनी खुशाल ठरवावं. वारकऱ्यांना तो प्रश्न पडलेला नाही.

हे सगळं मी एका दमात बोललो. बाकावर शांतता पसरली. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "तुमचा मुद्दा भावनिक आहे. वाङ्मयीन नाही."

"असेल सर," मी म्हटलं. "पण पहाटे पाचला मला वाङ्मय लागत नाही. चहा लागतो आणि चाल लागते."